ओल्या कागदाचा विटाळ

"हे कागद तू ओले केले होतेस?"

वकीलसाहेबांनी विचारलं. पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला होता. ठशांची गुंडाळी मी ओसरीच्या कडेला ठेवली, ती तिथंच पडून राहिली. कुणी उचलली नाही.

"केले होते," मी म्हणालो. "त्याशिवाय ठसा येत नाही."

"पाणी कुठलं?"

"आमचंच."

ओसरीवर शास्त्रीबुवा पान लावत बसले होते. ते म्हणाले, "कोरड्याला विटाळ नाही, वकीलसाहेब. निबंध खुशाल घ्या. ठशांचं कठीण आहे."

"वाळलेत की आता," वकीलसाहेब म्हणाले.

"वाळले म्हणून काय झालं? ओवळं धोतर वाळत घातलं म्हणजे सोवळं होतं का?"

"मग शाईचं काय? टाकातून उतरताना शाईही ओलीच असते."

"शाईला दोष धरू नका. उद्या तुमचं कोर्ट बंद पडेल."

दोघंही मनमोकळं हसले. त्यांच्या हसण्यात वाकडेपणा नव्हता. मी खाली अंगणात उभा. चाळिशी ओलांडलेला, कोट-टोपी घातलेला, सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवणारा माणूस. थोड्या वेळापूर्वी याच वकीलसाहेबांनी "या मास्तर, वर या" म्हटलं होतं. आडनावावरून त्यांना काही कळलं नव्हतं. मी पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "गावात कुणापैकी आपण?" मी सांगितलं. तेव्हापासून मी 'तू' झालो.

कामाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमचं गाव वैरागच्या पलीकडं. तिथं महारवाड्याच्या तोंडाशी एक वीरगळ उभा आहे. लढताना पडलेल्या माणसाची आठवण म्हणून पूर्वी असे कोरीव दगड उभे करत. या दगडावर गुरं कोरलेली आहेत, ढालतलवार घेतलेला माणूस कोरलेला आहे, आणि खाली जुन्या वळणाची अक्षरं आहेत. आमचे लोक त्याला थोरला म्हणतात. लग्न झालं की नवरानवरीला आधी थोरल्याच्या पाया पडायला नेतात. तो आमचा पूर्वज, हे प्रत्येकाला तोंडपाठ. अक्षरं मात्र कुणालाच वाचता येत नव्हती.

सोलापुरात इतिहासाचा अभ्यास करणारं एक मंडळ होतं. त्यांचं त्रैमासिक निघे. पार पुण्यापर्यंत विद्वान लोक ते वाचत. आमचे हेडमास्तर वाचून झालेले अंक मला देत. जुनी अक्षरं लावायला मी त्या अंकांतून शिकलो. ठसा घ्यायची रीतही त्यातलीच. दगड घासून धुवायचा. त्यावर ओला कागद बसवायचा. ब्रशनं ठोकून ठोकून कागद अक्षरांच्या खाचांत उतरवायचा. जरा सुकला की शाईत भिजवलेली कापडाची पुरचुंडी वरून फिरवायची. कागदाची जमीन काळी होते, अक्षरं पांढरी राहतात. मी तसंच केलं. गावच्या गुरांवर धाड आली, हा माणूस वेशीवर आडवा झाला आणि पडला, एवढं त्या ओळींत आहे. त्याचं नावही आहे.

मी निबंध लिहिला आणि पोस्टानं पाठवला. वकीलसाहेब मंडळाचे चिटणीस. त्यांचं उत्तर आलं. निबंध उत्तम आहे, आपण ठसे घेऊन समक्ष यावं. ते 'आपण' म्हणजे मीच होतो.

मंडळाचा नियम असा की ठसा सभेत टांगायचा, सभासदांनी तो डोळ्यांनी वाचायचा, मगच निबंध छापायचा. सभा भरे देवळाच्या सभामंडपात. तिथं मला जाता येत नव्हतं. माझ्या ओल्या केलेल्या कागदालाही नाही.

"तर मग आपला एखादा सभासद तिकडं पाठवा," मी म्हणालो. "त्यानं आपल्या पाण्यानं ठसा घ्यावा."

"महारवाड्यात?" शास्त्रीबुवांनी पान गालात सारलं. "अरे, मला घरात घेतील का परत?"

वकीलसाहेब विचार करून म्हणाले, "दगडच बाहेर आण. वेशीपर्यंत. आम्ही गाडी घेऊन येतो. दगडाला धुऊन घेता येतं. मग ठसा घेऊ आणि दगड मंडळाच्या संग्रहात ठेवू, देवळाच्या ओवरीत. तिथं नीट राहील. तुम्ही शेंदूर फासून अक्षरं बुजवता. निबंध तुझ्या नावानं छापू. माझा शब्द."

त्यांनी शब्द दिला तो खराच होता, असं मला आजही वाटतं. म्हणून तर मी अडकलो. नाही म्हटलं तर निबंध पेटीत पडून राहणार आणि थोरला ही महारांनी रचलेली गोष्ट ठरणार. हो म्हटलं तर त्याचं नाव छापून येणार, पण तो जिथं जाणार तिथं त्याची माणसं जाऊ शकणार नाहीत. दोन्ही बाजूंनी दार बंद. माझं डोकं अशा वेळी कामाची यादी करू लागतं. पहार, दोर, लाकडी ओंडके, चार धट्टीकट्टी माणसं. यादी केली की माणसाला निर्णय घेतल्यासारखं वाटतं.

हो म्हणून दिवस ठरवला आणि वैरागपर्यंत सर्व्हिस मोटारनं गेलो, पुढं पायी. भावकीला जमवून सगळं सांगितलं. छापून येणार म्हटल्यावर पोरं खूष झाली. माझी आत्या तेवढी खूष नव्हती. ती वाड्यात सगळ्यांत म्हातारी. ती म्हणाली,

"कुटं नेतोस त्याला?"

"सोलापूरला. देवळात."

"लई चांगलं. मंग सूनबाईला पाया पडाया कुटं न्यायाची?"

"लांबून पडता येईल."

"लांबून." तिनं शब्द तोंडात घोळवला. "लेका, त्यो आपला माणूस हाय न्हवं? का तितं गेला की त्यांचा हुतो?"

मी पहार कुठं आहे ते विचारलं.

ठरल्या दिवशी सकाळी दगड काढला. ओंडक्यांवरून सरकवत वेशीपर्यंत नेला. तिथं वकीलसाहेब, शास्त्रीबुवा आणि गाडी. गावातली माणसंही बघायला जमली होती. आमच्या लोकांनी महारांच्या रीतीप्रमाणे वाकून जोहार घातला. मी नमस्कार केला. तो कुणी घेतला नाही.

"ठेवा आणि मागं सरा," शास्त्रीबुवा म्हणाले.

आम्ही मागं सरलो. गावकऱ्यांपैकी एकानं दगडावर गोमूत्र शिंपडलं. मग घागरी ओतल्या. शेंदूर वाहून मातीत गेला. आत्या माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ हलत होते.

शास्त्रीबुवांनी कागद भिजवला, दगडावर बसवला, ठोकला. हात चांगला होता त्यांचा. शाई फिरवली. मग वाकून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. मी वाचलं होतं तेच. नाव आलं तेव्हा आमच्या माणसांत गलका झाला. शास्त्रीबुवा मान वर करून खुषीत म्हणाले, "वा! बरोबर वाचलंयस रे तू!"

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

ठसा सुकला आणि त्यांनी तो काढून घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. नियम होता ठशाचा. ठसा मिळाला. दगड कशाला हवा? मी पुढं झालो.

"वकीलसाहेब, आपलं काम झालं. आता दगड आम्ही जागेवर नेतो."

"आता?" ते गोंधळले. "आता कसा नेणार? धुतलाय तो. तुम्ही हात लावलात तर पुन्हा विटाळेल."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. पाऊस पडला तर भिजेल, असं सांगावं तसं म्हटलं. आणि मला एकदम सगळं दिसलं. त्या माणसानं या वेशीवर जीव दिला. ज्यांची गुरं वाचली त्यांनी आज त्याच्यावरून आम्हाला धुऊन काढलं होतं. त्याच्या अंगाला आम्ही लागलो होतो, तेवढी घाण गेली. आता तो स्वच्छ झाला. आणि आपल्याच माणसाला हात लावायला मी परवानगी मागत उभा होतो.

दगड ओला होता. मी जाऊन त्यावर तळहात ठेवला. दाबून ठेवला.

शास्त्रीबुवा ओरडले, "अरे! अरे मूर्खा, काय केलंस?"

"ओल्याला विटाळ असतो," मी म्हणालो. "आपणच सांगितलंत."

"पुन्हा धुऊ!" वकीलसाहेब म्हणाले.

"धुवा. मी पुन्हा लावीन."

आत्या पुढं आली. "मी बी लावते की," म्हणाली आणि दोन्ही हात ठेवले. मग पोरं आली. गावकऱ्यांत एकानं काठी उगारली. ती माझ्या खांद्यावर बसली, दुसरी पुतण्याच्या पाठीवर. आम्ही हात काढले नाहीत. अशा दगडाला गाडीत कोण घालणार आणि कुठल्या देवळात नेणार? थोरला परत जागेवर आला, गाडी रिकामी गेली. ठसा मात्र त्यांच्याबरोबर गेला.

महिन्याभरात निबंध परत आला. छापण्यास योग्य नाही, एवढाच शेरा. पुढच्या अंकात लेख आला तो शास्त्रीबुवांच्या नावानं. वाचन तेच. अर्थ तोच. शेवटी बारीक टाइपात एका स्थानिक शिक्षकाचे आभार. थोरला कुणाचा, हे त्यात नव्हतं. 'गावचा एक वीर' असं होतं. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "मंडळातली माणसं म्युनिसिपालिटीतही आहेत. पोटाकडं बघा." मी पोटाकडं बघतो. नोकरी टिकवून आहे. छापखाना त्यांचा, त्रैमासिक त्यांचं, नियमही त्यांचेच. त्यांतलं काही बदललेलं नाही.

पण असे दगड आणखी आहेत. केमच्या बाजूला आहेत, अकलूजच्या बाजूला आहेत, बहुतेक गावकुसाबाहेर. मंडळाला आता ते हवे आहेत. गेल्या आठवड्यात वकीलसाहेबांनी शिपायाबरोबर निरोप धाडला, झालं गेलं विसरावं आणि जागा कळवाव्यात.

मी प्रत्येक महारवाड्यात जाऊन सांगून आलो आहे. पहार द्यायची नाही. दगड हलवायचा नाही. अक्षरं आम्ही वाचू, आमच्या लोकांत उभं राहून मोठ्यानं वाचू. मंडळाला वाचायची असतील तर मंडळानं महारवाड्यात यावं. आमच्याकडं पाणी मागावं. त्या पाण्यानं आपल्या हातानं कागद भिजवावा. हे जमत नसेल तर माझ्याकडून त्यांना एक अक्षर मिळणार नाही.