एका व्हिसासाठी दोन सत्कार

परदेशी विद्यापीठाचं दार फक्त गुणवत्तेनेच उघडतं. हे वाक्य आमच्या ऑफिसच्या भिंतीवर, इंग्रजीत, सोनेरी अक्षरांत लावलेलं होतं. मुंबईच्या हेड ऑफिसने ते सगळ्या शाखांना पाठवलं होतं. खिळे आमचे आम्ही आणले होते. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्याच वाक्याखालच्या बाकावर विधाते कुटुंबातली चार माणसं बसली होती. वडील अशोकराव, आई, वडिलांचे थोरले भाऊ नाना, आणि स्नेहल. स्नेहलचा व्हिसा नाकारला गेला होता. तिच्या गुणवत्तेबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा नाशिकला कॉलेज रोडवर, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत काउन्सेलर होते. त्याआधी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तिथे मुलं ऐकत नसत, इथे पालक ऐकत नसत. राहायला एकलहऱ्याला, कारण नवऱ्याची नोकरी तिथल्या वीज केंद्रात. सिटी बसने कॉलेज रोड गाठेपर्यंतच मी दमलेली असे, त्यामुळे दिवसभरात आणखी दमायला फारसा वाव उरत नसे.

विधाते नाशिकच्या कडेच्या मखमलाबादचे. पिढ्यान्‌पिढ्या फुलशेती. आधी झेंडू आणि शेवंती, मग पॉलिहाऊस घालून गुलाब. स्नेहल बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला वनस्पतींचंच शिक्षण घ्यायचं होतं. एका बेडवरच्या गुलाबाच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडते आणि शेजारच्या बेडला पडत नाही, असं का, हा तिचा प्रश्न होता. घरात ती लहानपणापासून तो विचारत होती आणि घरातले "फवारणी कर" असं उत्तर देत होते.

तिच्यासाठी आम्ही इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा फाउंडेशन कोर्स निवडला होता. फाउंडेशन म्हणजे तयारीचं वर्ष. तिकडची मुलं विद्यापीठात जाण्याआधी शाळेत आपल्यापेक्षा एक वर्ष जास्त काढतात. आपली बारावी झालेली मुलगी थेट पहिल्या वर्षात नेऊन बसवली तर तिची तारांबळ उडते. म्हणून हे मधलं वर्ष. त्यात विषयाची उजळणी होते, पण मुख्य म्हणजे लायब्ररी कशी वापरायची, निबंध स्वतःच्या डोक्याने कसा लिहायचा, न पटलेलं नीट कसं मांडायचं, हे शिकवतात. ठरलेले मार्क मिळाले की त्याच विद्यापीठात डिग्रीला प्रवेश.

हे सगळं मी मार्च महिन्यात विधात्यांना समजावून सांगितलं होतं. ऐकून नाना म्हणाले, "म्हणजे बारावी परत?"

"परत नाही, नाना. बारावीच्या पुढचं."

"पण डिग्री नाय ना ती?"

"डिग्री त्याच्यानंतर."

"मग लोकांना काय सांगायचं?"

हा प्रश्न मला कोर्सच्या फीपेक्षाही जास्त वेळा विचारला गेला आहे. मी नेहमीचं उत्तर दिलं, की जे आहे ते सांगा. दोघे भाऊ हसले. लहान मुलाने काहीतरी गोड बोलल्यावर मोठी माणसं हसतात तसे.

लोक म्हणजे मुख्यतः दिलीप. दिलीप हा या दोघांचा चुलत भाऊ. घर पलीकडच्या आळीत. विहिरीच्या वाटणीवरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, पण एकमेकांची खबर ठेवणं चालू होतं. फाउंडेशन हा शब्द दिलीपच्या कानावर गेला असता, तर संध्याकाळपर्यंत स्नेहल बारावी नापास झाली असती.

विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं आणि आठवड्याभरात सत्काराचं आमंत्रण आलं. मी अशोकरावांना फोन करून म्हटलं, "व्हिसा येऊ द्या. मग करा सत्कार."

"मॅडम, नगरसेवकांची तारीख मिळालीये. परत मिळायची नाही."

आपल्याकडे काम झाल्यावर सत्कार होत नाही, बातमी आल्यावर होतो. मधल्या काळात काम होऊन जाईल असा सगळ्यांचा विश्वास असतो. मखमलाबाद नाक्यावर फ्लेक्स लागला. मध्ये साडी नेसलेली, अवघडलेली स्नेहल. तिच्या मागे ट्यूलिपचा बगीचा, जो बहुधा हॉलंडमधला होता. खाली मजकूर: इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीत थेट निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. 'थेट' लाल रंगात.

मंगल कार्यालयातल्या कार्यक्रमात नगरसेवकांनीही 'थेट' या शब्दावर बराच जोर दिला. विमान कसं थेट जातं, तशी आपली लेक थेट गेली, वगैरे. मला शाल आणि नारळ मिळाला. दिलीपही आला होता. जेवून हात पुसता पुसता त्याने मला विचारलं, "मॅडम, थेट म्हणजे कसं थेट?" तेवढ्यात नाना मध्ये येऊन उभे राहिले आणि मला जिलेबी घ्यायला घेऊन गेले.

जुलैमध्ये स्नेहलची मुंबईला व्हिसाची मुलाखत झाली. तिने सगळं खरं सांगितलं. कोर्स कुठला, तर फाउंडेशन. कशासाठी, तर पुढे वनस्पतिशास्त्राच्या डिग्रीसाठी. भुरीबद्दलही बोलली म्हणे. ऑफिसर 'इंटरेस्टिंग' म्हणाला. आम्ही निश्चिंत झालो.

आणि ऑगस्टमध्ये नकार आला. कारण दोन ओळींचं होतं. अर्जदाराच्या घरी फोनवर चौकशी केली असता कुटुंबीयांनी वेगळ्याच कोर्सची माहिती दिली. त्यामुळे अर्जदार खरोखर याच कोर्ससाठी जात आहे यावर विश्वास ठेवता येत नाही. अशी फोनवरची चौकशी तेव्हा नेहमीची होती. अर्जात घरचा नंबर द्यावा लागे, आणि तिकडून कोणीतरी सहज विचारल्यासारखं विचारत असे.

मी हे मराठीत सांगितलं आणि बाकावरच्या चौघांना विचारलं, "घरी फोन कोणाला आला होता?"

अशोकरावांनी नानांकडे पाहिलं. नानांनी पंख्याकडे पाहिलं.

"एक आला होता," पंख्याकडे बघतच नाना म्हणाले. "आधी इंग्रजीत बोलला. मी म्हणलं मराठीत बोल. मग दुसरा माणूस आला. लय गोड बोलत होता."

"काय विचारलं त्याने?"

"म्हणला, तुमची मुलगी फाउंडेशन कोर्सला चाललीये ना? मला तिथंच संशय आला. हा शब्द बाहेरच्याला कसा ठाऊक? म्हणलं, हा दिल्याचा माणूस. आमच्याकडून कबूल करून घ्यायला लावलाय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, कोण म्हणतं फाउंडेशन? थेट युनिव्हर्सिटीत चाललीये आमची पोरगी. इंजिनिअर व्हायला."

"इंजिनिअर कुठून आलं, नाना?" स्नेहल म्हणाली.

"तोंडात आलं. आणि वर त्याला म्हणलं, जा, सांग तुझ्या दिलीपशेठला."

या शेवटच्या वाक्याचं भाषांतर त्या ऑफिसात कोणी आणि कसं केलं असेल, याचा मी पुढे बराच काळ विचार करत असे.

मी मुंबईला आमच्या बॉसना, कपूर सरांना, फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "कोई बात नहीं मॅडम. नेक्स्ट इयर ट्राय करेंगे. फाइल क्लोज कीजिए." त्यांच्यासाठी नेक्स्ट इयर म्हणजे एक्सेलमधला शेजारचा रकाना होता.

फोन ठेवल्यावर स्नेहल म्हणाली, "मॅडम, मला नेक्स्ट इयर नाहीये."

"म्हणजे?"

"इथल्या कॉलेजांचे प्रवेश संपले. आता वर्षभर घरी. मी घरी बसलेली दिसले की पाहुणे यायला लागतील. सिन्नरचं एक स्थळ नानांनी बघून ठेवलंय."

"बघून ठेवलं नाय," नाना म्हणाले. "नुसतं कानावर हाय."

"तुमच्या कानावर आलं म्हणजे झालंच की," स्नेहल म्हणाली. आवाज चढला नव्हता. मुलाखतीत ती बोलली असेल तशीच बोलत होती, फक्त इथे 'इंटरेस्टिंग' म्हणायला कोणी नव्हतं. अशोकराव चपलेचा अंगठा नीट करत बसले.

नवा अर्ज करता येत होता. कोर्स सप्टेंबरअखेरीला सुरू होणार होता, म्हणजे घाई केली तर जमलं असतं. झालेला घोळ सरळ लिहून द्यायचा, एवढंच. पण पुन्हा फोन आला तर? विधात्यांचं घर एकत्र. फोन ओटीवर. जो जवळ असेल तो उचलतो.

"त्याची काळजी नको," नाना म्हणाले. "सगळ्यांकडून पाठ करून घेतो. फोन आला की म्हणायचं, फाउंडेशन."

"आणि दिलीपरावांनी विचारलं तर?"

"त्याला थेट."

"आणि फोनवर कोण आहे ते कसं ओळखणार?"

नानांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शिवाय फोन तुमच्याच घरी येईल कशावरून? आजूबाजूला विचारतील. नाक्यावर तुमचाच फ्लेक्स अजून लटकतोय. तोही 'थेट'च म्हणतोय. अण्णा, जे झाकलंय ते सांगून टाका. घरात एक आणि बाहेर एक, हे जमणार नाही."

अशोकरावांना घरात अण्णा म्हणत, आणि एव्हाना मीही म्हणू लागले होते. ते हळूच म्हणाले, "एवढा सत्कार झाला, मॅडम. आता कोणत्या तोंडानं सांगायचं?"

तेव्हा स्नेहलची आई पहिल्यांदा बोलली. मार्चपासून चार-पाच वेळा ती या बाकावर बसून गेली होती, पण तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मग परत सत्कार करा की," ती म्हणाली.

"परत?"

"तेव्हा खोट्याचा केला. आता खऱ्याचा करा. माणसं जेवायला दोन्हीकडं येतात."

"दिल्यासमोर?" नानांनी विचारलं.

"दिलीपभावजींना पहिल्या रांगेत बसवा. मागं बसले तर नीट ऐकू यायचं नाही त्यांना."

आणि खरोखरच दुसरा सत्कार झाला. तेच मंगल कार्यालय, तेच नगरसेवक. फ्लेक्सही तोच. लाल रंगातल्या 'थेट'वर कागद चिकटवून 'फाउंडेशनसाठी' असं लिहिलं होतं. कार्यक्रमाआधी नगरसेवकांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, हे फाउंडेशन म्हणजे वर की खाली?"

"आधी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग स्टेजवर गेले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मित्रहो! थेट काय, थेट तर कोणीही जातं! पण फाउंडेशनला निवडून घेतात. आधी पाया तपासतात, आणि मगच आत सोडतात! अशी मुलगी आपल्या मखमलाबादनं दिली!"

टाळ्या कडाडून वाजल्या. यातलं काहीही मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण फाउंडेशन हा शब्द दोनशे लोकांसमोर, स्पीकरवरून उच्चारला गेला होता, आणि माझं काम तेवढंच होतं. पहिल्या रांगेत दिलीपचा चेहरा पडलेला दिसला. त्याच्याकडे आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला दुसरी शाल आणि दुसरा नारळ मिळाला.

अर्ज पुन्हा गेला. विधात्यांच्या घरी फोनची तयारी सुरू झाली. नानांनी ओटीवर फोनशेजारी खुर्ची टाकली. ते शेतावर गेले की दुसरं कोणीतरी तिथे बसे. दादरचा फुलांचा व्यापारी गुलाबाचा माल किती येणार ते विचारायला फोन करी, त्यालाही आधी फाउंडेशन ऐकून घ्यावं लागे. एकदा मीच काही विचारायला फोन केला. स्नेहलच्या शाळकरी चुलतभावाने मला फाउंडेशन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बरोबर सांगितलं. आमच्या ब्रोशरपेक्षा सोपं होतं.

व्हिसा ऑफिसचा फोन आलाच नाही. कोर्स सुरू व्हायला थोडे दिवस असताना पासपोर्ट आला, आत व्हिसाचा शिक्का. स्नेहल गेली. नाना मात्र दुखावले होते.

"एक फोन करायला काय जातं यांचं?" ते मला म्हणाले. "एवढं सगळ्यांचं पाठ झालं, मॅडम. आता ते कोणाला सांगायचं?"

स्नेहल फाउंडेशन पास झाली आणि डिग्रीला गेली. पहिल्या निबंधावर तिला बरीच लाल शाई मिळाली. भुरीचा प्रश्न तिने तिथल्या शिक्षकांना विचारला, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन पुस्तकांची नावं दिली आणि तुला काय वाटतं ते लिहून आण म्हणाले. हे तिने मला इतक्या आनंदाने कळवलं होतं की मी ते पत्र दोनदा वाचलं. कपूर सरांनी ती केस 'सक्सेस स्टोरी' म्हणून सगळ्या शाखांना पाठवली. त्यात तिच्या गुणवत्तेचा उल्लेख होता. नानांचा नव्हता.

या धंद्यात मी शिकले ते एवढंच: विद्यार्थ्याने खरं बोलून भागत नाही, त्याच्या घरी जो फोन उचलतो त्यालाही खरं बोलण्याची मुभा असावी लागते.

पुढच्या मार्चमध्ये दिलीप माझ्यासमोर येऊन बसला. सोनेरी वाक्याच्या बरोबर खाली.

"मॅडम, आमच्या राहुलला फाउंडेशनला टाकायचंय."

मी त्याने भरून आणलेला फॉर्म बघितला आणि म्हटलं, "त्याला फाउंडेशनची गरज नाही. त्याला थेट प्रवेश मिळेल."

"थेट नको," दिलीप म्हणाला. "थेट तर कोणीही जातं."

मी पुन्हा समजावलं. तो ऐकून घेत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर संशय वाढत होता. शेवटी पुढे वाकून तो हळू आवाजात म्हणाला, "नानांनी काही सांगितलंय का तुम्हाला? वशिला लागत असेल तर तसं बोला. पोराची लायकी कमी आहे असं म्हणू नका."

मी तसं म्हटलं नव्हतं. राहुल एम.एस्सी. झालेला होता, फर्स्ट क्लासमध्ये.