ग्रहणाच्या दुपारची उघाडी

एखाद्या विषयावर हरदत्त बिसूनला मत नाही, असे विलेम्स होप गावात कधी घडले नव्हते. फाशी बंद व्हावी, कारण न्यायाधीशाची चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. सरकारी ट्रॅक्टरला पंडिताची पूजा नको आणि पाद्र्याची प्रार्थनाही नको, वंगण हवे. निवडणुकीत हरलेल्याने आधी मोजणी पाहावी आणि मग रडावे. ही मते तो स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवी आणि राजधानी जॉर्जटाउनला जाणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे पाकीट देई. तेवीस वर्षांत त्याची दीडशेच्या आसपास पत्रे वर्तमानपत्रात छापून आली होती. संपादक प्रत्येकातला निम्मा मजकूर कापतो, ही त्याची एकमेव तक्रार.

पोटापाण्यासाठी तो गावची उघाडी सांभाळी. भरतीच्या वेळी समुद्र गावापेक्षा उंच असतो. मध्ये फक्त बांध, आणि बांधात ही एक लाकडी झडप. ओहोटी लागली की चाक फिरवून झडप वर घ्यायची, म्हणजे भातशेतीचे साठलेले पाणी समुद्रात जाते. भरती वर सरकू लागण्याआधी ती खाली सोडायची. सत्तावीस वर्षे तो हे भरतीच्या छापील वेळापत्रकाप्रमाणे करीत आला होता. निवृत्तीला सात महिने उरले होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत सूर्यग्रहण आले. पंडित तिलक आणि चर्चचे पाद्री यांचे आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झाले: दुपारभर कोणी घराबाहेर पडू नये. शाळांना सुट्टी मिळाली. गरोदर बायकांनी विळी-सुरीला हात लावू नये, शिजलेले अन्न झाकून ठेवावे, असे निरोप घरोघर गेले. हरदत्तने पत्र लिहिले आणि ते बरोबर ग्रहणाच्याच सकाळी छापून आले. ‘ग्रहण म्हणजे सावली. सावलीने आजवर कोणाचे काही बिघडवलेले नाही, आजही बिघडणार नाही,’ असा त्याचा शेवट होता. या वेळी संपादकाने काहीही कापले नव्हते.

त्या दिवशी त्याने सकाळी झडप उचलली. अमावास्येचे उधाण असल्यामुळे ओहोटी खोल होती आणि भरतीही तशीच चढणार होती. वेळापत्रकाप्रमाणे एक चाळीसला झडप खाली यायला हवी होती. एक वाजता तो बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि एक पांढरी ताटली घेऊन रस्त्यावरच्या दुकानापाशी आला. दुकान बंद होते. गाव दारे-खिडक्या लावून बसले होते. बाहेर एकटे कॉम्प्टन अ‍ॅडोनिस उभे होते: निवृत्त शाळामास्तर, रविवारी चर्चमध्ये प्रवचन देणारे, आणि हरदत्तच्या प्रत्येक पत्राला तोंडी उत्तर देणारे.

‘‘पाद्र्यांनी आत बसायला सांगितलंय ना, मास्तर?’’

‘‘सांगितलंय. म्हणून तर आलो. तुझ्या डोक्यावर आभाळ कोसळलं तर साक्षीदार नको का कुणी?’’

हरदत्तने पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडले आणि उन्हात धरले. ताटलीवर सूर्याचा बारीक ठिपका पडला. त्याची एक कड कुरतडल्यासारखी दिसत होती.

‘‘बघा. चंद्र सरकतोय. बाकी काही नाही.’’

‘‘सरकतोय ते दिसतंय मला. सरकवतो कोण, ते सांग.’’

‘‘ते गणितात येतं.’’

‘‘आणि गणित कुठून आलं? मी म्हणतो, ही खूण आहे.’’

‘‘कसली खूण?’’

‘‘ते खुणेनंतरच कळतं.’’

‘‘म्हणजे काहीही घडलं तरी तुम्हीच खरे!’’

हरदत्तने घड्याळ पाहिले. दीड वाजला होता. उघाडी सात मिनिटांवर होती. पण मास्तर आता ताटलीवर वाकले होते, चष्मा कपाळावर सरकवून पाहत होते. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस गप्प होता. आणखी पाच मिनिटे, असे हरदत्तने ठरवले. पाचांची दहा झाली, दहांची तीस. ठिपक्याची कोर झाली, ऊन पितळेसारखे पडले, कोंबड्या खुराड्याकडे वळल्या. शेवटी मास्तर सरळ झाले.

‘‘सुंदर आहे रे,’’ ते म्हणाले. ‘‘भीती वाटण्यासारखं मात्र काही नाही.’’

हे वाक्य ऐकून हरदत्त हसला, आणि त्याच क्षणी त्याने पुन्हा घड्याळ पाहिले.

तो धावत पोहोचला तेव्हा समुद्र आत शिरत होता. पाण्याच्या रेट्याने झडप खाचेत अडकली होती. चाकाला लोंबकळून ती खाली बसवेपर्यंत दोन पंचवीस झाले. कालवा कडेपर्यंत भरून खालच्या वाफ्यांत फुटला होता. उघाडीच्या नोंदवहीत त्याने झडप उचलल्याची वेळ सकाळीच लिहिली होती. बंद केल्याची वेळ लिहायला पेन्सिल हातात घेतली आणि तशीच खिशात ठेवली.

तीन दिवसांत चंद्रावती मावशींच्या बोरा शेंगांचे, म्हणजे लांब चवळीचे, वेल पानांच्या कडांपासून करपत गेले. सत्तरीच्या या विधवेचे सगळे त्या अर्ध्या एकरावर चाले. पलीकडच्या दोघांच्या भाताची रोपे गेली. आणि मग मतांचा पूर आला. सरकारी वर्तमानपत्राने लिहिले, ग्रहणामुळे असामान्य भरती आली. विरोधकांच्या वर्तमानपत्राने लिहिले, झडप कुजलेली आहे आणि मंत्री झोपलेले आहेत. राजधानीतल्या एका तज्ज्ञाने समुद्राची पातळी वाढल्याचा आलेख छापला. पंडित तिलकांनी सांगितले, कोणीतरी ग्रहणात चूल पेटवली असणार. दुकानापाशी लोक हरदत्तला पाहून हसत. ‘‘काय लेखक, सावलीनं काही बिघडत नाही ना? मावशीच्या वेलांना वाचून दाखवा जरा!’’

जिल्हा कार्यालयाचा साहेब स्वतः आला. त्याने झडप पाहिली, नोंदवहीतली रिकामी जागा पाहिली, आणि वही मिटून परत दिली.

‘‘झडपेची साखळी घसरली असं लिहा, बिसून. जुनीच आहे ती. नवी मंजूर होईल, गावाचंही भलं होईल. तुमचे किती महिने राहिले?’’

‘‘सात.’’

‘‘मग झालं तर.’’

त्या संध्याकाळी त्याने बायकोला, सुमिंत्राला, सगळे सांगितले. ती पोळपाटावर रोटी लाटत होती; लाटणे थांबले नाही.

‘‘कुणाला माहीत आहे?’’

‘‘कुणालाच नाही. मास्तरांना झडपेची वेळ ठाऊक नव्हती.’’

‘‘मग गप्प बसा. गाव चंद्राला दोष देतंय, आणि चंद्र काही तक्रार करत नाहीये.’’

‘‘अगं, मी लिहिलं होतं की ग्रहणानं काही होणार नाही. आता पुढच्या ग्रहणाला लोक म्हणतील, मागच्या वेळी पूर आला होता. पोरंबाळं पुन्हा कोंडतील.’’

‘‘आणि पेन्शन थांबली तर आपण काय खायचं? तुमची कात्रणं?’’

जेवण झाल्यावर तो कागद घेऊन बसला. दुसऱ्यांच्या चुकांवर त्याने दीडशे पत्रे लिहिली होती, आणि एकाही पत्रात त्याला शब्द शोधावे लागले नव्हते. या वेळी चार ओळींना दोन दिवस लागले.

‘संपादक महाशय, विलेम्स होप येथे खारे पाणी शिरले ते ग्रहणामुळे नव्हे, कुजलेल्या झडपेमुळे नव्हे आणि समुद्राची पातळी वाढल्यामुळेही नव्हे. झडप एक चाळीसला बंद करायची होती. मी ती दोन पंचवीसला बंद केली, कारण ग्रहण दाखवून एक वाद जिंकण्यात मी गुंतलो होतो. उघाडी माझ्या ताब्यात होती.’ खाली नाव आणि पत्ता. मिनीबसकडे जाण्यापूर्वी त्याने नोंदवहीतली रिकामी जागा भरली. सुमिंत्राने त्याला अडवले नाही, पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललीही नाही.

पत्र छापून आले. दुसऱ्याच दिवशी निलंबनाचा कागद आला आणि चौकशी संपेपर्यंत पेन्शनचे प्रकरण थांबवल्याचे कळले. त्याची हरदत्तने तयारी ठेवली होती. तयारी नव्हती ती गावाच्या उत्तराची. पंडित तिलकांनी मंदिराच्या सभामंडपात त्याचे पत्र मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, ‘‘बघा! सत्तावीस वर्षं ज्याची एका मिनिटाचीही चूक झाली नाही, त्याची बुद्धी नेमकी त्याच दुपारी फिरली. ग्रहण याहून वेगळं काय करतं?’’ सरकारी बाजूचे लोक म्हणाले, विरोधकांनी त्याला विकत घेतले. विरोधक म्हणाले, मंत्र्याला वाचवण्यासाठी त्याच्याकडून लिहवून घेतले. दुकानदार म्हणाला, ‘‘आपलं विज्ञान खरं ठरवायला हा माणूस घरसुद्धा पेटवेल.’’

कॉम्प्टन मास्तर घरी आले ते टोपी हातात घेऊनच.

‘‘दीड वाजता तू घड्याळ पाहिलंस, ते मी पाहिलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘का पाहिलंस ते विचारलं नाही. हे मी वर्तमानपत्राला लिहू?’’

‘‘लिहा. पण लोक म्हणतील, दोघांचीही बुद्धी फिरली.’’

‘‘म्हणू देत. रविवारी चर्चमध्येही सांगणार आहे. तिथं मध्येच उठून कुणी उत्तर देत नाही.’’

पत्र छापून आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रावती मावशी फाटकाशी उभ्या होत्या. हरदत्त पायऱ्या उतरून खाली आला. त्यांनी आत यायला नकार दिला.

‘‘किती मिनिटं म्हणालास?’’

‘‘पंचेचाळीस, मावशी.’’

‘‘मी शुक्रवारी अंगणात झेंडी लावून पूजा घालणार होते. ग्रहणात मीच चहा ठेवला होता ना. आठ दिवस झाले, मला वाटतंय, माझ्या पायी तिघांची शेतं गेली. देवापुढे कान धरून बसते रोज.’’

हरदत्त फाटक उघडून बाहेर आला.

‘‘मेल्या, पहिल्याच दिवशी सांगायचंस की रे!’’ त्या एकदम ओरडल्या. शेजारच्या घराची खिडकी उघडली. ‘‘आठ दिवस! तुझी ती कागदपत्रं जॉर्जटाउनला पाठवतोस, आणि माझं घर चार घरं सोडून आहे!’’

‘‘चुकलं, मावशी.’’

‘‘ते तर झालंच. मीठ कसं निघतं मातीतलं? तू सगळं वाचतोस ना?’’

‘‘गोडं पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं, सोडून द्यायचं. पुन्हा भरायचं. चार-पाच वेळा.’’

‘‘मग पंप कुणाचा आणायचा ते बघ, आणि फावडं घेऊन ये. ऊन चढायच्या आत.’’

त्या मागे न पाहता निघाल्या. हरदत्त फावडे आणायला खांबांवर उभ्या घराखाली गेला, तर ते जागेवर नव्हते. ते घेऊन सुमिंत्रा पायऱ्यांपाशी उभी होती. तिने ते त्याच्या हातात दिले, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली, ‘‘टोपी घाला.’’