बाजरीच्या पिठाचा वास

मुलांनो, आज सकाळी बाजरीच्या पिठाचा डबा उघडला आणि खवट वास आला. संध्याकाळी आमच्या गृहविज्ञान महाविद्यालयात जुन्या अध्यापिकांचा सत्कार आहे, म्हणूनही असेल, पण लगेच आमच्या बाई आठवल्या.

मी पहिल्या वर्षाला होते. वडील मला कायमचं घरी न्यायला जामखेडहून आले होते. प्रयोगशाळेच्या दारात माझी ट्रंक हातात धरून ते म्हणाले, "बाई, भाकरी तर तिची आईबी शिकवंल. त्याला कालेज कशाला?"

बाई हसल्या. "खरंय दादा. पण बाजरीचं पीठ इतक्या लवकर कडू का होतं हो?"

"व्हतं खरं. का व्हतं?"

"सांग गं," बाई मला म्हणाल्या.

मी चाचरत सांगितलं, की दाण्यात तेल असतं, दळल्यावर ते खवट होतं. दाणे उकळत्या पाण्यातून काढून वाळवले, तर पीठ जास्त टिकतं.  वडिलांनी ट्रंक खाली ठेवली. "दिवाळीला ये. आईला करून दाव."

कित्येक वर्षं मी बाजरीचे आभार मानत होते. खरं तर उत्तर बाईंना येत होतंच. त्या गप्प राहिल्या, म्हणून वडिलांनी माझं ऐकलं.

आज सत्कारात त्यांच्याविषयी मला बोलायचंय. समोर बसून बाई पुन्हा गप्पच ऐकतील.