साठपैकी अठ्ठावन्न

बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, पण ते आपल्या परंपरेतलं. "मन कसं चालतं हे आपल्या लोकांनी केव्हाच सांगून ठेवलंय," असं म्हणत वरिष्ठांशी वर्षानुवर्षं भांडून त्यांनी सत्त्व-रज-तमाचा पेपर अभ्यासक्रमात घुसवला होता. पाठीमागे सगळे त्यांना 'सत्त्वबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांच्या आयुष्याची कमाई म्हणजे एक प्रश्नावली. माणूस किती अलिप्त आहे ते मोजणारी, साठ गुणांची. घरात येईल त्याच्या हातात बाई ती कोंबायच्या. धाकट्या बहिणीची मुलगी त्यांच्याच कॉलेजात शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आली, तिनंही मुकाट्यानं भरली. काही हवंसं वाटतं? नाही. कुणी नावं ठेवली तर? सारखंच. जवळचं माणूस दुरावलं तर? काही वाटणार नाही. साठपैकी अठ्ठावन्न! बाई हुरळून गेल्या. भर वर्गात त्यांनी तो कागद वाचून दाखवला. "या वयात एवढं वैराग्य!" भाची शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

बहीण फोनवर विचारायची, "ताई, जेवते ना गं ती नीट?"

"तिचं खाणंच कमी आहे. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

महिन्याभरानं पोरगी परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्या जागी कोसळली. रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी खाटेशी बसून हळूच विचारलं, "काही हवंसं वाटतं?"

"नाही."

"जवळचं कुणी दुरावलं तर?"

"काही नाही वाटणार."

बाई शेजारीच उभ्या होत्या. प्रश्न त्यांचेच होते, उत्तरंही तीच. बाहेर येऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नैराश्य आहे, बऱ्याच महिन्यांचं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

बहीण धावतपळत आली आणि बाईंच्या गळ्यात पडून रडली. "तू होतीस म्हणून निभावलं गं, ताई. बरी झाली की तुझ्याकडेच ठेवते तिला."

तो कागद बाईंच्या पर्समध्येच होता. गप्प बसलं असतं तर बहिणीला पत्ता लागला नसता. पण पोर पुन्हा आपल्याच घरात येणार, या विचारानं त्यांना धडकी भरली. आणि शरम वाटली, फार शरम वाटली. त्यांनी कागद काढून बहिणीच्या हातात दिला.

बहिणीनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वर लाल शाईत 'उत्तम' असा शेरा होता.

"ताई," ती म्हणाली, "पोरीनं तुला सगळं लिहून दिलं होतं की गं."