थावरा टेलरची छाती

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारात माझ्या मेडिकलसमोर थावराभाऊंचं शिलाई मशीन होतं. तांड्यावरून ते रोज सायकलवर येत. गावातल्या यच्चयावत पुरुषांच्या छातीची मापं त्यांच्या वहीत होती, आणि एकाचं माप ते दुसऱ्याला कधीच सांगत नसत. मी डी. फार्म. झालेलो, पण गाव मला डॉक्टर म्हणतं. मीही फारसा विरोध करत नाही.

दोन हजार सालच्या दिवाळीत, ऐन शिलाईच्या मोसमात, थावराभाऊंना दम लागू लागला. पाय सुजले, पोट फुगलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी निदान केलं की हृदय मोठं झालंय आणि थकलंय. त्यांनी चार गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक स्पायरोनोलॅक्टोन. एवढं नाव घेईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं, म्हणून आम्ही तिला ‘पांढरी’ म्हणायचो. दोन महिन्यांत सूज उतरली, थावराभाऊ पुन्हा सायकल मारत येऊ लागले. त्याचं निम्मं श्रेय मी परस्पर घेऊन टाकलं.

उन्हाळा लागला तशी थावराभाऊंनी स्वतःसाठी ढगळ शर्ट शिवले. दोन्ही खिशांत खडू, कात्रणं कोंबलेली. वर जाकीट. बेचाळीस डिग्रीत जाकीट घालणारा गावात तो एकच माणूस.

एक दिवस ते दुकानात आले. “डॉक्टर, पांढरी नको. बाकीच्या द्या.”

“काहून?”

“बरा झालो ना आता.”

मी दिल्या. त्या गोळीसोबतचं पत्रक मी आधीच वाचलं होतं. पुरुषांची छाती बायकांसारखी वाढू शकते, दुखू शकते, असं त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. सांगितलं तर माणूस घाबरून गोळी घेणारच नाही, म्हणून मी गप्प बसलो होतो. त्या दिवशीही गप्पच बसलो.

तीन आठवड्यांनी त्यांची बायको, रूपाबाई, धावत दुकानात आली. “भाऊ, ह्यांना लई दम लागून राहिला. आडवंच होता येत न्हाई.” मी शटर ओढलं. जीपमध्ये थावराभाऊंना आम्हा दोघांच्या मध्ये बसवलं आणि हिंगोली गाठली. वाटेत त्यांना बोलायला श्वास नव्हता.

दवाखान्यात चार दिवसांनी ते बसते झाल्यावर डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला.

“कमर चार इंच उतरली,” थावराभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, “अन् छाती दोन इंच चढली.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एसटी बसचं उदाहरण दिलं. शरीरात एक हार्मोन असतं. ते पेशीतल्या आपल्या सीटवर बसलं की हुकूम सोडतं, मीठ धरा, पाणी धरा. त्यानं हृदयावर भार पडतो, ते निबर होतं. पांढरी त्या सीटवर आधीच रुमाल टाकून ठेवते. पण ती जरा धांदरट आहे, शेजारच्या, पुरुषी हार्मोनच्या सीटवरही रुमाल टाकते. या सीटांना न्यूक्लियर रिसेप्टर म्हणतात. बॉम्बशी संबंध नाही, पेशीच्या केंद्रकाशी आहे.

“एकाच सीटवर टाक म्हणून सांगता येत न्हाई का तिला?”

“तशी गोळी परदेशात तपासून बघतायत. तोवर हीच, पण निम्मी घ्या. छाती पूर्वीसारखी होईल असं मात्र मी म्हणणार नाही.”

थावराभाऊंनी शर्ट छातीशी धरला. “लोकाइला काय तोंड दाखवू?”

रूपाबाई म्हणाली, “मी चाळीस वर्षं घेऊन फिरून राहिले. मेले का?”

थावराभाऊंनी निम्मी गोळी सुरू केली. ढगळ शर्ट सुटले नाहीत. तांड्यात कोणाला काही कळलं नाही.

दोन हजार सहामध्ये तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, मोहनसिंग यांना हार्ट अटॅक आला. त्यातून वाचले, हृदय कमजोर झालं, पांढरी सुरू झाली. एका बाजारच्या दिवशी ते काउंटरवर आले. “पांढरी सोडून बाकीच्या दे. बरा झालो मी.”

या वेळी मी गप्प बसलो नाही. नायकांना बाजूला घेऊन मी हळू आवाजात पत्रक सांगितलं, रुमाल सांगितला, गोळी सोडल्यावर काय होतं तेही सांगितलं. नायकांची मिशी थरथरली. “तुला झालंय का? मंग तुला काय कळतं?” ते ओरडले. सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

समोरचं मशीन थांबलं.

थावराभाऊ रस्ता ओलांडून आले. दुकानात आठ-दहा माणसं होती. त्यांनी जाकीट काढून काउंटरवर ठेवलं, मग शर्टाची एकेक गुंडी सोडली आणि शर्टही काढला.

“पाच वर्षं झाली, नायक. रोज निम्मी घेतो. बघा, अन् मंग ठरवा.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. थावराभाऊंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ते तसेच उभे राहिले, नायकांचं बघून होईपर्यंत. मग नायकांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

“दे.”

मी पांढरीची पट्टी दिली. थावराभाऊंनी शर्ट चढवला आणि जाऊन मशीनवर बसले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. दुकानात गर्दी होती.