तळ्याचा सत्कार

निशिगंधाचा वास आला की लहानपणी मी खिडकीत धावत असे, आणि आई आतून विचारी, "लग्न आहे की अंत्ययात्रा?" कोलकात्यात या फुलाला रजनीगंधा म्हणतात, आणि वरातीच्या गाडीला नि निघून गेलेल्या माणसाला इथे त्याच पांढऱ्या माळा घालतात; लग्नाचा शंख ऐकू येईपर्यंत किंवा अंत्ययात्रेचे हरिनाम कानी पडेपर्यंत त्या वासाचा अर्थ लागत नाही. गेल्या हिवाळ्यातल्या त्या दुपारी एस्प्लनेडजवळच्या सभागृहात तो वास इतका दाटला होता की खजुराच्या ताज्या, नोलेन गुळाच्या संदेश मिठाईचा खमंगपणाही त्यात बुडाला होता.

समाजासाठी, झाडापाण्यासाठी निमूटपणे झटणाऱ्या माणसांचा आमचे प्रतिष्ठान दर हिवाळ्यात गौरव करते, आणि मानपत्रे लिहिण्याची हौस माझी. त्या वर्षी निवड झाली होती मालतीदींची. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी शहराच्या दक्षिणेकडच्या बेहाल्यातल्या आपल्या गल्लीतले तळे, तिथल्या भाषेत पुकुर, बुजवू पाहणाऱ्यांच्या हातून अनेकदा वाचवले होते. गल्लीतल्या बायका पाळीपाळीने घाटाच्या पायरीवर बसत. कोणी भाजी निवडी, कोणी उन्हात केस वाळवी, पण डोळ्यांत तेल घालून तळे राखी.

फोन मीच केला. आता आम्हा इथल्या मराठी घरांची बंगाली कशी, तर संस्कृतातला शब्द उचलायचा, 'अ'चा 'ओ', 'स'चा 'श', 'व'चा 'ब' करायचा आणि बेधडक ठोकून द्यायचा. बहुतेक वेळा निभावते. "आमच्या प्रतिष्ठानाला तुमच्या पुकुराचे शंबोर्धन करायचे आहे," असे मी समारंभाचे आमंत्रण देताना ऐटीत सांगितले. मग भिजल्या आवाजात मालतीदी म्हणाल्या, "माणसांचे सत्कार पुष्कळ पाहिले गं. पुकुराची आठवण आजवर कोणाला झाली नव्हती. मग आम्ही सगळ्याच येऊ." मला त्यांचे बोलणे फार काव्यमय वाटले, आणि मी मोठ्या उत्साहाने गल्लीसाठी बस धाडली.

उलगडा सभागृहात झाला. मालतीदींच्या हातात पितळी कलश होता, त्यात तळ्याचे पाणी, कलशाच्या गळ्याशी निशिगंधाची माळ. "उत्सवमूर्तीला आणलंय," असे म्हणून त्यांनी तो आपल्यासाठी मांडलेल्या खुर्चीत ठेवला. बंगालीत शंबोर्धना म्हणजे सत्कार, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरले. "अहो, आमच्याकडे संवर्धन म्हणजे राखणं, वाढवणं," मी ओशाळून म्हणाले. त्या पदराआड इतक्या हसल्या की शेजारणींनाही हसू आवरेना. आमच्या अध्यक्षांनीही कौतुकाने शाल कलशालाच पांघरली, बायकांनी जीभ हलवून मंगलकार्यातला उलूध्वनी केला, आणि मी मानपत्र वाचले. इतका निर्मळ समारंभ मी पाहिला नव्हता.

परतताना मीही बसमध्ये त्यांच्याबरोबर होते. थंडीतली संध्याकाळ लवकर उतरते. बेहाल्यात शिरेतो दुकानांतले दिवे लागले होते, आणि बसमध्ये अजून गाणी चालली होती. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर लाल विटांचा भुगा दिसला. गाणे कोणी थांबवले आठवत नाही, पण ते थांबले.

घाट नव्हता. जिथे पायऱ्या होत्या तिथे फुटक्या भिंतींचे, सिमेंटच्या ढेकळांचे डोंगर पाण्यात उतरले होते, आणि अर्धे तळे त्यांच्याखाली गेले होते. उरलेले पाणी गढूळ होऊन काठापर्यंत चढले होते, त्यावर मासे पोटे वर करून तरंगत होते, आणि ट्रकच्या चाकोऱ्यांत ओल अजून ताजी होती. तळे गिळू पाहणाऱ्यांना एक रिकामी दुपार हवी होती. ती माझ्या एका शब्दाने त्यांना मिळाली. ओरडावे असे वाटत होते, पण कोणावर ते सुचेना. एका म्हातारीने तर घर चुकल्यासारखे करून पुन्हा गल्लीच्या तोंडाकडे पाहिले. रडले कोणीच नाही.

मालतीदी कलश घेऊन काठावरून खाली उतरल्या, जिथे अजून थोडे पाणी मोकळे होते तिथे वाकल्या, आणि त्यांनी आणलेले पाणी हळूहळू परत ओतले. माळ माझ्या हाती देत त्यांनी विचारले, "शोनो, ऐक, तुमच्या भाषेत संवर्धन म्हणजे काय म्हणालीस?"

"राखणं, वाढवणं," मी कसेबसे म्हटले.

"आमच्या अर्थाचं दुपारी झालं. आता तुमच्या अर्थाचं करू."

त्यांनी पदर खोचला, सत्काराची शाल हातांना गुंडाळली आणि विटांचे एक ढेकूळ ओढून काढले. त्याच्या जागी वरचे दुसरे घसरून आले. त्यांनी तेही धरले. तोवर शेजारणीही काठ उतरू लागल्या होत्या.

अंधार पडत चालला होता. माझ्या हातातल्या माळेचा वास तसाच येत होता, आणि तो कशाचा हे सांगणारे काहीही अजून ऐकू आले नव्हते. मी माळ काठावर ठेवली आणि चपला काढल्या.