कॅमेऱ्यात बघू नका

चिंतामणी गेला तेव्हा महाडच्या बाजारपेठेत लोक दोन दिवस हळहळले आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या गमती सांगून हसायला लागले. शेवटची तीन वर्षं त्यानं लग्नांमध्ये जे चालवलं होतं तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. नवरा-नवरीला सोडून हा व्हिडिओवाला पंगतीत शिरायचा, एकेका पानासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "इकडे बघा, माझ्याकडे बघा." तोंडात जिलबी असो, हातात भाताची परात असो, माणूस वर बघेपर्यंत हा हलायचा नाही. सीडी घरी आली की तिच्यात पाऊण तास नुसती तोंडं. याचा स्क्रू ढिला झालाय, असं त्याच्या तोंडावर म्हणणारेही होते.

मला ते हसणं सोसत नाही. मी आधीच तापट, त्यात पंचवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवणारी. परवा किराणा दुकानात एकाला झापलं आणि मग घरी येऊन रडत बसले. त्यापेक्षा काय झालं ते एकदा लिहून टाकते.

चिंतामणी शाळेत माझ्याच वर्गात शिकायला होता. बापाचा फोटो स्टुडिओ त्याच्याकडे आला आणि त्यानं पहिल्या पाच वर्षांत खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेतला. लग्नं, मुंजी, साखरपुडे. पण डोक्यात पिक्चर. चौऱ्याण्णव साली त्यानं स्टुडिओच्या पाटीखाली दुसरी पाटी लावली, 'गांधारी फिल्म्स, महाड'. गावाला वळसा घालून जाणाऱ्या आमच्या नदीचं नाव. मी म्हटलं, शहाण्या, फिल्म कंपनीला डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्या बाईचं नाव ठेवलंस? तो म्हणाला, "बाई, नदीला कुठे पट्टी असते?" मला तो शाळेत असल्यापासून बाईच म्हणायचा, कारण मी तेव्हाही सगळ्यांवर ओरडायचे.

ओरडते म्हणूनच त्यानं मला कंपनीत घेतलं. कॅमेरा त्याचा आणि वही माझी. कुठल्या कॅसेटवर कुठला शॉट, कितवा टेक, ओके की एन्जी, ते मी लिहायचं. एन्जी म्हणजे वाया गेलेला. पुढे कारणही लिहायचं. पहिली दोन वर्षं आम्ही पंचायत समितीसाठी निर्धूर चुलीवर आणि लसीकरणावर वीस-वीस मिनिटांच्या फिल्मा केल्या. मग चिंतामणीनं स्वतःची गोष्ट लिहिली, 'चढणीचं गाव'. मुंबईला जाणाऱ्या माणसांनी हळूहळू रिकामं होणारं गाव, आणि तिथं आलेला एक डॉक्टर. नायक-नायिका पुण्याहून आणली. गाव मात्र खरं हवं होतं.

ते गाव म्हणजे पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीतलं भेकरकोंड. तीस-पस्तीस घरं, एक पायऱ्यांची वाट, खाली विहीर. सत्त्याण्णवच्या जानेवारीत आम्ही तिथं बारा दिवस राहिलो. माणसं इतकी भली की नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून यायचं. पण शूटिंग सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी आम्ही कपाळाला हात लावला. कॅमेरा ज्याच्याकडे वळेल तो कॅमेऱ्याकडे बघायचा. नुसता बघायचा नाही, मान हलवून हसायचा.

चिंतामणीनं सगळ्यांना देवळात बसवून समजावलं. कॅमेरा म्हणजे भिंत समजा, आम्ही इथं नाहीच असं समजा, तुमचं काम करत राहा, कॅमेऱ्यात बघू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून काशीबाई नावाची एक बाई म्हणाली, "आवो, दारात आलेल्या पावन्याकडं बघायचं नाय, तं मग बघायचं तरी कुटं?"

सगळे हसले. चिंतामणीही हसला. मी हसले नाही. मला वाटलं, हिला समजावण्यात आता अर्धा दिवस जाणार.

काशीबाईची मुलगी शकू. आठ वर्षांची, दोन वेण्यांना लाल रिबिनी. पायऱ्यांच्या शॉटमध्ये तिला एका पायरीवर बसून चिंचोके खेळायचे होते आणि मागून डॉक्टर चढत यायचा होता. एवढंच. पण डॉक्टर आला की ही चिंचोके टाकून कॅमेऱ्याकडे बघायची. एकदा, दोनदा, पाचदा. ऊन उतरत होतं, बॅटरी संपत आली होती. चिंतामणी म्हणत होता की राहू दे, अजून एकदा घेऊ. मीच पुढे झाले, दंडाला धरून तिला उठवलं आणि घरी पिटाळलं. सहावा टेक पटकन ओके झाला. मी वहीत लिहिलं आणि झाकण लावून पेन पर्समध्ये ठेवलं.

पिक्चर जोडला. महाडात हॉल घेऊन दाखवला, मग टीव्ही आणि व्हीसीआर रिक्षात घालून गावोगाव. पुण्याच्या एका स्पर्धेत प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात परीक्षकांनी लिहिलं होतं की गावकऱ्यांचा अभिनय इतका सहज आहे की एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही. चिंतामणीनं त्याची फ्रेम करून काउंटरच्या मागे लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते वाक्य वाचून दाखवायचे, कारण ते अर्धं माझं होतं असं मला वाटायचं.

कच्च्या कॅसेटचं काय झालं, तर जे सगळे व्हिडिओवाले करत तेच. कोऱ्या कॅसेटला पैसे पडतात, मग कामाचं उतरवून घेतलं की जुन्या कॅसेटवर पुढचं लग्न, आणि काही गिऱ्हाइकं तीच कॅसेट घरी न्यायची. गांधारी फिल्म्सचा दुसरा पिक्चर अर्ध्यावर राहिला, नंतर केबल आली, पाटीचा रंग उडाला. चिंतामणी लग्नं करत राहिला. भेकरकोंडला आम्ही परत गेलो नाही. पिक्चर दाखवायला येतो असं सांगून आलो होतो, पण वर वीज नव्हती आणि रिक्षा जात नव्हती. हे कारण मी आठ वर्षं स्वतःला देत होते.

दोन हजार पाचच्या जुलैत महाडात पाणी शिरलं. चिंतामणीचा स्टुडिओ छताला टेकेपर्यंत बुडाला. निगेटिव्ह, कॅसेट, प्रशस्तिपत्र, सगळ्याचा चिखल. पिक्चरची एक कॅसेट आणि माझ्या वह्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या माझ्या घरी माळ्यावर होत्या. आम्ही चिखल उपसत होतो तेव्हाच कुणीतरी सांगितलं की भेकरकोंडवर दरड आली. सकाळी अकराच्या सुमारास वरचा डोंगर खाली आला आणि पायऱ्यांच्या एका बाजूची घरं राहिलीच नाहीत. काशीबाई पोलादपूरला भावाकडे आली होती म्हणून वाचली. शकू घरात होती. सोळा वर्षांची.

दिवाळीनंतर भेकरकोंडचा मुरारी स्टुडिओत आला. उरलेल्या माणसांना रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. तो म्हणाला की घरांबरोबर फोटोही गेले, तुमच्या पिक्चरमध्ये आमची माणसं हायत, ती दाखवा. चिंतामणीनं मला शाळेतून बोलावून घेतलं. आम्ही त्याच दिवशी टीव्ही घेऊन गेलो.

शेडमध्ये चाळीसेक माणसं बसली होती. पिक्चर सुरू झाला आणि दहा मिनिटांत मला कळलं आपण काय केलंय. पडद्यावर पुण्याचा नायक बोलत होता, पुण्याची नायिका रडत होती आणि गाव मागे होतं. पाठमोरं. मान खाली घातलेलं. विहिरीवर वाकलेलं. जिथं जिथं माणसानं तोंड वर केलं होतं तिथं तिथं आम्ही कात्री लावली होती. लोक तरीही शोधत होते. मुरारी उठून टीव्हीजवळ गेला, एका मोळी घेऊन जाणाऱ्या पाठीवर बोट ठेवून म्हणाला, हा माझा बाप. एका बाईनं नुसत्या टाचांवरून सासूला ओळखलं. कुणी तक्रार केली नाही, तेच जास्त लागलं.

संपल्यावर काशीबाई आमच्याजवळ आली. "माजी शकू कुटं हाय? ती तं पायऱ्यांवर बसली व्हती ना?"

चिंतामणीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शोधते.

घरी येऊन वही काढली. पायऱ्यांचा शॉट कॅसेट नंबर अकरावर होता आणि त्या कॅसेटवरचा तो शेवटचाच होता. चिंतामणीच्या अंगात एकदम जीव आला. तो म्हणाला, लग्न कॅसेटच्या शेवटपर्यंत चालत नाही, लग्न संपल्यावर खालचं जुनं तसंच राहतं. अकरा नंबरवर कुणाचं लग्न घेतलं ते त्याच्या ऑर्डर-बुकात होतं आणि ऑर्डर-बुक पुरात गेलं होतं. मग तो निघाला. महाड, पोलादपूर, बिरवाडी, जिथं जिथं त्यानं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवात लग्नाचं शूटिंग केलं होतं त्या घरी जाऊन म्हणायचा, तुमच्या कॅसेटचा शेवट बघू द्या. बहुतेकांच्या कॅसेट पाण्यात गेलेल्या, उरलेल्यांना बुरशी. कुणी हाकलून दिलं. एकीचा तर घटस्फोट झाला होता, तिनं कॅसेट त्याच्या अंगावर फेकली. तीही त्यानं उचलून, वरची धूळ पुसून लावून बघितली.

मार्चमध्ये सापडली. पोलादपूरचा मुकुल, कपड्यांचं दुकान, त्याचं लग्न अठ्ठ्याण्णवचं. पैसे वाचवायला त्यानं कॅसेट जोडून न घेता कॅमेऱ्यातली तशीच नेली होती. त्याची बायको इरावती हिनं ती शालूच्या घडीत ठेवली होती, डांबराच्या गोळ्यांसकट. कडेला माझ्या अक्षरात अकरा. चिंतामणी म्हणाला, काशीबाईला घेऊन येऊ, आपण आधी बघायची नाही. हे त्याचं चुकलं, पण त्याची आशा बघून मला नाही म्हणवेना.

इरावतीच्या बाहेरच्या खोलीत आम्ही पाच माणसं. चिंतामणीनं कॅसेट पुढे पळवून पाठवणीवर आणली. इरावती आईच्या गळ्यात पडून रडत होती. सोडवलं तर मावशीच्या गळ्यात, मग परत आईच्या. जीपमध्ये बसायलाच तयार नव्हती. चिंतामणी घड्याळाकडे बघून किती कॅसेट उरली ते मोजत होता. शेवटी जीप हलली. पडद्यावर मुंग्या आल्या. मग एकदम पायऱ्या.

पायऱ्यांवरून एक मुलगी वर जात होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. पाठ. आणि माझा आवाज, कर्कश, माझ्या वर्गातला. "जा घरी. जा म्हटलं ना." मुलगी वळणावर दिसेनाशी झाली. पायरी रिकामी. डॉक्टर चढत आला. कॅसेट संपली.

चिंतामणीनं ते पुन्हा लावलं. पुन्हा. चौथ्यांदा लावायला गेला, तेव्हा मुकुलनं बटण बंद केलं. मग इरावतीच म्हणाली की मी त्या दिवशी लवकर जीपमध्ये बसले असते तर. आणि तिला हुंदका आला. बिचारी, तिचा काय दोष? दोष ज्यांचा होता ते आम्ही दोघं समोरच बसलो होतो.

काशीबाई म्हणाली, "तोंड नाय दिसलं."

वही माझ्या मांडीवर होती. तिच्यात तोंड होतं. पण ते कसं लिहिलेलं आहे ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, काशीबाई, यात लिहिलंय, वाचू का? ती सरकून जवळ बसली.

मी वाचलं. "शॉट बेचाळीस. टेक एक, एन्जी. मुलगी कॅमेऱ्यात बघून हसली. टेक दोन, एन्जी. परत हसली. टेक तीन, एन्जी. चिंचोके दाखवते. टेक चार, एन्जी. हसली, पुढचा दात पडलाय तो दिसतो. टेक पाच, एन्जी. जीभ काढली. आगाऊ कार्टी."

"पडला व्हता," काशीबाई म्हणाली. "संक्रांतीला पडला व्हता. मीच कौलावर टाकला." तिचा चेहरा उजळला होता. मी वही मिटायला लागले तर तिनं हात ठेवला. "मंग? फुडं?"

पुढे एकच ओळ होती. मी ती गाळू शकले असते. तिला वाचता येत नव्हतं. पण आयुष्यभर मुलांना सांगितलंय की आहे तसं वाचा. वाचलं. "टेक सहा. मुलीला उठवलं. फ्रेम स्वच्छ. ओके."

"स्वच्छ म्हंजे काय, बाय?"

पंचवीस वर्षं मी शब्दांचे अर्थ सांगते आहे. चिंतामणी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी म्हटलं, "म्हणजे तिथं कुणी नव्हतं."

तिनं मान हलवली. वहीवरच्या माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिशी रडत आली व्हती. इचारलं, तं सांगितलं नाय कुनी मारलं."

"मी," मी म्हटलं. "मारलं नाही. पण मीच."

"आसू दे," ती म्हणाली. "ता शेवटचा नको वाचू. हसली तितनं परत वाच."

मी पहिल्यापासून वाचलं, आणि पाचवर थांबले.